दूत, आंधळा राजा आणि हेडफोन

मंडळी, शोकांतिका आणि ऐतिहासिक नाटकं नुसती आवाजातून कशी करावीत, यावर आज बोलू. आज हाती असलेल्या ग्रीक शोकांतिकांपैकी सर्वांत जुनी एस्किलसची ‘पर्शियन्स’. इसवी सनपूर्व ४७२मध्ये तिचा प्रयोग अथेन्सला झाला. विषय सॅलमिसची आरमारी लढाई, जिच्यात ग्रीकांनी पर्शियन म्हणजे इराणी आरमाराला हरवलं. म्हणजे अवघ्या आठ वर्षांपूर्वीची घटना. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी त्या लढाईत स्वतः वल्ही मारली असणार. शोकांतिका आणि इतिहास अशी दोन खाती आपण पुढे उघडली. इथे ती एकच आहेत. आणि गंमत अशी, की या नाटकात लढाईच नाही. नाटक घडतं शत्रूच्या, म्हणजे इराणच्या राजधानीत. राणी बातमीची वाट बघते आहे. दूत येतो आणि सांगतो, सगळं बुडालं.

हे नाटक आज कुणी पॉडकास्टसाठी करायला घेतलं, की पहिला मोह होतो तो लढाई ऐकवण्याचा. लाकूड फुटतंय, लाटा आपटतायत, एक बाण डाव्या कानातून उजव्या कानात जातोय. तंत्र हाताशी आहे, मग वापरायचं का नाही? माझं म्हणणं, हात आवरा. दूताच्या बोलण्याखाली लढाईचे आवाज लावले की तो क्रिकेटचा समालोचक होतो. ऐकणारा इथे राणीच्या जागी उभा आहे, आणि राणीला लाटा ऐकू येत नसतात. तिला फक्त एका दमलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. तिचा मुलगाच राजा आहे, सैन्य घेऊन तोच गेलाय. ती सरळ त्याचं नाव घेत नाही. कोण कोण वाचलं, असं आडून विचारते. दूत तिचा रोख ओळखून आधी तेच सांगतो, की राजा जिवंत आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये जी शांतता पडते, ती कुठल्याही ध्वनिसंग्रहात मिळत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. संजय युद्ध सांगतो आणि आंधळा धृतराष्ट्र ऐकतो, ही रचना तर आपल्या हाडात आहे. धर्मवीर भारतींचं ‘अंधायुग’ रंगमंचावर गाजलं ते नंतर. आधी ते अलाहाबाद आकाशवाणीवरून नभोनाट्य म्हणून गेलं होतं. युद्धाच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळी ते सुरू होतं. युद्ध जवळजवळ संपलंय, उरलंय ते सांगणं आणि ऐकणं.

आता शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधला एक प्रसंग घ्या. डोळे गमावलेल्या ग्लॉस्टर या सरदाराला जीव द्यायचाय. त्याचा मुलगा एडगर वेश पालटून त्याला डोव्हरच्या कड्यावर नेल्याचं नाटक करतो. खाली माणसं कशी उंदरांएवढी दिसतात, याचं वर्णन करतो. रंगमंचावर आपल्याला सपाट फळ्या दिसत असतात. फसतो तो एकटा ग्लॉस्टर. ध्वनिनाट्यात मात्र आपल्याला डोळे नसतात, आपणही ग्लॉस्टरच. एडगर विचारतो, समुद्र ऐकू येतो ना? म्हातारा म्हणतो, नाही. इथे दिग्दर्शकाची खरी परीक्षा आहे. समुद्राची गाज घातली तर म्हातारा बहिरा ठरतो. पूर्ण शांतता ठेवली तर ऐकणारा गोंधळतो, आणि तो गोंधळ मला हवाच आहे. गवतावर पाय घासल्याचा आवाज पुरे.

याच नाटकाने माध्यमाचं दुसरं बळही दाखवलं. लिअर ऐंशी उलटलेला राजा. शेवटी त्याला मेलेली मुलगी हातांवर उचलून आणायची असते, म्हणून रंगमंचावर ही भूमिका बहुधा धडधाकट नट करतो. १९९४ साली इंग्रज नट जॉन गिलगुड यांनी बीबीसी रेडिओवर लिअर केला तेव्हा ते नव्वदीचे होते. माइकपुढे कुणाला उचलावं लागत नाही.

अडचणीही आहेत. जो बोलत नाही तो या माध्यमात नसतोच. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक शोकांतिकेत राणी युरिडिसी मुलाच्या मृत्यूची हकिकत ऐकते आणि एक शब्द न बोलता आत निघून जाते. प्रेक्षकाच्या पोटात तिथे गोळा येतो. श्रोत्याला कळणार कसं? सोफोक्लीसने कोरसच्या, म्हणजे रंगमंचावरच्या समूहाच्या तोंडी एक वाक्य ठेवलंय, की इतकी शांतता मला बरी वाटत नाही. संहिता आटोपशीर करताना असली वाक्यं पहिली कापली जातात! शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये नायकाने ज्याचा खून करवला, त्या बॅन्कोच्या भुतालाही संवाद नाहीत. मग काही जण त्याला घुमणारा श्वास देतात. मला ते स्वस्त वाटतं. मॅकबेथ रिकाम्या खुर्चीकडे बघून किंचाळतो आणि पाहुण्यांची कुजबुज थांबते, एवढ्यावर भूत उभं राहतं.

इतिहासाकडे वळलं की प्रश्न बदलतो. १९४७मध्ये सीबीएस या अमेरिकी रेडिओ कंपनीने एक मालिका सुरू केली. त्यात आधुनिक वार्ताहर जुन्या घटनांच्या जागी हजर राहून थेट बातमी देत: लिंकनची हत्या, सॉक्रेटिसचा मृत्यू. ही लबाडी उघड होती, म्हणून चालली. सॉक्रेटिसजवळ माइक नव्हता हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ‘मार्च ऑफ टाइम’ हा त्याआधीचा, १९३१पासूनचा कार्यक्रम. त्यात नट चालू आठवड्याच्या बातम्या वठवत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची नक्कल इतकी हुबेहूब होऊ लागली की व्हाइट हाउसनेच हरकत घेतली. आजच्या इतिहासमालिका या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतात. नटाच्या आवाजावर जुन्या तबकडीची खरखर चढवतात, आणि श्रोत्याला वाटतं, हे अस्सल ध्वनिमुद्रण. फोनोग्राफ आला १८७७मध्ये. त्याआधीच्या जवळजवळ कुणाचाच आवाज आपल्याकडे नाही, तेव्हा तिथे कल्पना करायला मोकळीक आहे. त्यानंतरच्या माणसांबाबत मात्र अस्सल आवाज कुठला आणि नटाचा कुठला, हे श्रोत्याला कळलंच पाहिजे. ही खरखर मला खोट्या सहीसारखीच वाटते.

शेवटचा मुद्दा, आणि यावर तुमच्यातल्या तरुणांशी माझं भांडण होईल. २०२०च्या जुलैत न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरने शेक्सपिअरचा ‘रिचर्ड दुसरा’ रेडिओवर चार रात्रींत केला. त्या उन्हाळ्यात नाट्यगृहं बंद होती, तोड चांगली होती. ऐतिहासिक नाटकाला असे तुकडे सोसतातही. एक राजा हळूहळू उतरतो, दुसरा चढतो. ‘ऑथेल्लो’ला ते सोसणार नाहीत. तिथे इयागो ऑथेल्लोच्या मनात त्याच्या बायकोविषयी संशय पेरतो, आणि तो संशय एका दमात चढावा लागतो. आठवड्याच्या अंतराने ऐकलं तर श्रोता मधल्या दिवसांत शांतपणे विचार करतो, आणि शांतपणे विचार केला तर इयागोचा डाव कुणालाही पोकळ दिसेल. निर्माते म्हणतात, लोक सलग अडीच तास ऐकत नाहीत. नसतील ऐकत. मग ‘ऑथेल्लो’ त्यांच्यासाठी नाही. ‘रिचर्ड’ आहे, ‘पर्शियन्स’ तर तासा-सव्वा तासात संपतं. माध्यमाला सोसेल ते नाटक निवडा. आता विचारा प्रश्न.