रॉन बरासी आणि मध्यंतरानंतरचा खेळ

नमस्कार श्रोतेहो.

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला बॉक्सिंग डे कसोटीमुळे ठाऊक आहे. तिथल्या हिवाळ्यात त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल चालतो. चेंडू लंबगोल, एका संघात अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातानं फेकायला मनाई. एका तळहातावर धरायचा, दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारायचा आणि सहकाऱ्याकडे पाठवायचा. हा झाला हँडबॉल. तेवढा लक्षात असू द्या.

आज बोलायचंय ते रॉन बरासीबद्दल. 2023 च्या सप्टेंबरात, वयाच्या 87 व्या वर्षी तो गेला. त्याचे वडील मेलबर्न क्लबचे खेळाडू, 1940 च्या विजेत्या संघातले. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या महायुद्धात, लिबियातल्या तोब्रुकच्या लढाईत ते मारले गेले. रॉन तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे आई टास्मानियाला गेली आणि पोरगा राहिला वडिलांच्या संघातल्या मित्राकडे, नॉर्म स्मिथच्या परसातल्या खोलीत. हाच स्मिथ मेलबर्नचा प्रशिक्षक झाला. 1953 साली रॉन त्याच्या हाताखाली खेळू लागला, पाठीवर वडिलांचाच 31 क्रमांक. 1964 पर्यंत त्यानं सहा विजेतेपदं पाहिली, त्यातली शेवटची दोन कर्णधार म्हणून.

आणि त्याच वर्षाअखेर तो मेलबर्न क्लब सोडून कार्लटन या प्रतिस्पर्धी क्लबकडे गेला, खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी जबाबदारीवर. चाहत्यांना हे फार लागलं. मला विचाराल तर त्याचं बरोबर होतं. स्मिथच्या छायेत राहून त्याच्यातला प्रशिक्षक कधी उभा राहिला नसता.

आता 1970 चा अंतिम सामना. समोर कॉलिंगवूड, मैदानात 1,21,696 प्रेक्षक, हा विक्रम आजही मोडलेला नाही. मध्यंतराला कार्लटन 44 गुणांनी मागे. त्या काळची रीत अशी, की चेंडू झेलायचा, थांबायचा आणि लांब लाथाडायचा. बरासीनं खोलीत खेळाडूंना उलटं सांगितलं: थांबू नका, हँडबॉल करा, पळत सुटा. टेड हॉपकिन्स नावाच्या लहानखुऱ्या राखीव खेळाडूला त्यानं मैदानात उतरवलं. हॉपकिन्सनं चार गोल केले. कॉलिंगवूडची दमछाक झाली आणि कार्लटन 10 गुणांनी जिंकलं.

त्या एका दुपारी खेळ बदलला, असं म्हणायची पद्धत आहे. ते पूर्ण खरं नाही. नॉर्मचा भाऊ लेन स्मिथ वेगवान खेळाचा आग्रह आधीपासूनच धरत होता. पण 44 गुणांचं ओझं डोक्यावर असताना, सवा लाख माणसांसमोर तेच करायला लावणं, याला छाती लागते. ती बरासीकडे होती.

पुढे नॉर्थ मेलबर्नला त्यानं 1975 साली इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. 1977 चा अंतिम सामना बरोबरीत सुटला, तर आठवड्यानं पुन्हा खेळून तोही जिंकला. मग तो आपल्या जुन्या मेलबर्न क्लबकडे प्रशिक्षक म्हणून परतला. तिथं विजेतेपद आलं नाही, पण आयर्लंडमधून गेलिक फुटबॉल खेळणारी मुलं आणायचा खटाटोप त्याच काळातला. त्यातूनच जिम स्टाइन्स आला, ज्यानं 1991 चं ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलं.

ऑस्ट्रेलियात हा खेळ सगळीकडे नाही. सिडनी आणि ब्रिस्बेनकडे रग्बीचं राज्य. या दोन मुलखांमधल्या सीमेला इतिहासकार इयान टर्नरनं 1978 मध्ये नाव दिलं, 'बरासी रेषा'. 1993 साली खुद्द बरासी ती रेषा ओलांडून सिडनी स्वान्सचा प्रशिक्षक झाला. संघ एकामागून एक सामने हरत होता, सलग 26 पराभव. ही माळ अखेर तुटली ती मेलबर्नला हरवून. 1995 अखेर बरासी बाजूला झाला, आणि पुढच्याच वर्षी स्वान्स अंतिम सामन्यात खेळले. हरले खरे, पण सिडनीत या खेळाला गर्दी होऊ लागली होती.