कूर्चेतल्या पुटिकांचा माग

जुलैचा पाऊस, दापोलीच्या खालच्या अंगाला भाताची लावणी चाललीय, आणि बांधावर चढताना बघा, प्रत्येकीचा हात आधी गुडघ्यावर जातो. विचारलंत तर उत्तर ठरलेलं, वंगण संपलंय. पण झिजतं ते नुसतं वंगण नाही, झिजते कूर्चा. मटणाच्या दुकानात सांधा फोडला की हाडाच्या टोकाला पांढरीशुभ्र, बोट ठेवलं तर सटकन निसटणारी टोपी दिसते ना, तीच. हिच्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही, त्यामुळे बिघाड सुरू झाला तरी बराच काळ दुखत पण नाही, आणि एकदा गेली की नीट भरून येत नाही, हे विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरने 1743 मध्येच लिहून ठेवलंय. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, आकड्याप्रमाणे 2019 मध्ये जगात 52 कोटी 80 लाख लोकांना हा कूर्चा झिजण्याचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, होता, त्यात निम्म्याहून जास्त बायका.

कूर्चेतल्या पेशी मोजक्याच, एकमेकींपासून लांब लांब, आपापल्या खळगीत एकट्या बसलेल्या. तरी त्या निरोप पाठवतात, बारीक बारीक पुटिका, म्हणजे पातळ आवरणाच्या पिशव्या, बाहेर सोडून, इंग्रजीत एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स. आत प्रोटीन आणि मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचं काम कमी-जास्त करणारे छोटे रेणू. बिघडलेल्या पेशींच्या पुटिका सूज वाढवतात आणि स्टेमसेलच्या (ज्यांच्यापासून इतर पेशी बनतात त्या मूळ पेशींच्या) पुटिकांनी उंदरांची कूर्चा सुधारते, अशा दोन्ही गोष्टी प्रयोगांत दिसल्यात. मग पुढचा प्रश्न येतोच, त्या जातात कुठे?

आणि खरी कसरत इथेच आहे. ह्यातल्या एक्झोसोम म्हणतात त्या पुटिका 30 ते 150 नॅनोमीटरच्या (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि साध्या मायक्रोस्कोपला साधारण 200 च्या खालचं वेगळं दिसतच नाही. म्हणून त्यांना चमकणारा डाय, म्हणजे रंग, लावतात, आकार नाही कळला तरी ठिपका कुठे आहे ते कळतं, मग व्हिडिओ काढून एकेक ठिपका फ्रेममागून फ्रेम पकडायचा, मोकळा थरथरतोय की अडकलाय ते बघायचं. पण पीकेएच नावाचा जो डाय सर्रास वापरतात त्याच्या स्वतःच्याच गुठळ्या होतात, जवळपास पुटिकेएवढ्या, आणि त्याही तशाच चमकतात! म्हणून पुटिका न घालता नुसता डाय त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेऊन बघावाच लागतो, हे टाळलं तर सुंदर फोटो मिळतो पण तो कशाचा ते सांगता येत नाही. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, पुटिकांच्या आवरणावर असणाऱ्या सीडी63 नावाच्या प्रोटीनला जोडलेलं जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, पेशीलाच बनवायला लावायचं, म्हणजे पुटिका चमकतच बाहेर पडते, फक्त सगळ्याच पुटिकांवर सीडी63 नसतं.

आता कूर्चेच्या आत. कोलॅजन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांचं जाळं, त्यात ठासून भरलेलं अ‍ॅग्रीकन, म्हणजे पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू, आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोक, इतका बारीक की बऱ्याचशा पुटिका त्याच्यापेक्षा मोठ्याच भरतात, त्यात अ‍ॅग्रीकनवर ऋण भार आणि पुटिकेवरही ऋणच, म्हणजे दोघं एकमेकांना ढकलणार. सांधा बिघडला की हेच अ‍ॅग्रीकन आधी कमी होतं, त्यामुळे निरोगी कूर्चेत दिसलेली वाट आजारी कूर्चेतही तशीच असेल असं धरून चालत नाही, दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की गणपतीला आलेला चाकरमानी मुलगा फोनवर जाहिरात दाखवतो, आये, हे एक्झोसोमचं इंजेक्शन घे, गुडघा नवा होतो. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने 2019 च्या डिसेंबरमध्येच लोकांना सावध केलं होतं की असं एकही प्रॉडक्ट मंजूर नाही. तेव्हा पैसे भरायच्या आधी समोरच्याला सरळ विचारा, पुटिका कुठल्या पेशींच्या, आणि त्या पुटिका माणसाच्या कूर्चेत पोचतात हे कुणी, कशाने बघितलं.