गोळी कधी सुरू करायची?

नमस्कार श्रोतेहो.

“डॉक्टर, काय खाऊ आणि काय टाळू?” असं विचारणाऱ्या बाईला बहुतेक वेळा उत्तरं आधीच मिळालेली असतात. घरातल्यांनी दिलेली असतात, शेजारणींनी दिलेली असतात, उरलेली मोबाइल पुरवतो. मी फक्त शिक्का मारायचा असतो. म्हणून आज खाण्यावर नाही बोलणार. आज एका गोळीबद्दल बोलणार आहे. फोलिक ॲसिडची ती एवढीशी गोळी.

सांगायचं ते एका वाक्यात सांगते. ही गोळी दिवस गेल्यावर नाही, दिवस जायच्या आधी सुरू करायची. परत सांगते. आधी.

पहिल्या तपासणीला बायका साधारण आठव्या-नवव्या आठवड्यात येतात. मी शेवटच्या पाळीची तारीख विचारते, टेबलावरची गोल चकती फिरवून बाण त्या तारखेवर आणते, आणि दिसतं काय, तर ही गोळी ज्या कामासाठी हवी होती ते काम कधीच उरकलेलं असतं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, पिशवीची चेन ओढावी तशी. खाली पाठीशी उघडी राहिली, तर पायांतली ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा जाऊ शकतो. वर डोक्याशी राहिली, तर बाळ वाचत नाही. आणि हे २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तोवर कितीतरी जणींना पत्ताही नसतो.

आता ही गोळी आली कुठून, ती गोष्ट. दरवर्षी विद्यार्थ्यांना मी ती सांगते, आणि परीक्षेत विचारणार नाही हे माहीत असल्यामुळे ते ती मन लावून ऐकतात.

साल १९२८. ल्युसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. आधी वनस्पतिशास्त्र शिकलेली, डॉक्टरकी नंतरची. त्या वेळी मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या. धाप लागायची, अंगावर सूज यायची, काही जणी बाळंतपणाच्या आसपास दगावायच्या. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की तांबड्या पेशी कमी दिसत, पण असत त्या नेहमीपेक्षा मोठ्या, फुगलेल्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. म्हणजे हे दुखणं वेगळं होतं.

विल्सबाईंनी आधी जंतू शोधले. काही सापडेना. मग त्यांनी मला फार आवडणारी गोष्ट केली. सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवला आणि या बायका राहतात कशा, जेवतात काय, ते बघायला निघाल्या. खात्यापित्या घरांत हा आजार क्वचित दिसत होता. जिथं ताटात भाजी नाही, फळ नाही, दूध-मांस नाही, तिथं तो होता. (हल्ली आम्ही डॉक्टर रिपोर्टांची फाइल चाळतो आणि समोरच्या बाईला “काल जेवलात काय?” एवढं विचारायचं विसरतो. यंत्रांबद्दल माझी तक्रार नाही, पण सोनोग्राफीत बाळ बघायला अख्खं घर येतं आणि रक्तदाब मोजायच्या दिवशी बाई एकटीच असते, हे काही बरं नव्हे. असो.)

तर विल्सबाईंनी तेच निकस जेवण उंदरांना घातलं. उंदरांचं रक्त कमी झालं. यीस्ट दिलं की होईना. वाटलं, सापडलं! आणि मग कळलं की त्या उंदरांच्या अंगावर उवा होत्या, आणि उवांमधून पसरणाऱ्या जंतूमुळे रक्त कमी होत होतं. सगळं मुसळ केरात. दुसरं कुणी असतं तर सामान बांधून घरी गेलं असतं.

बाईंनी माकडं घेतली. तेच जेवण माकडांना. माकडं आजारी पडली, या वेळी उवांचा प्रश्न नव्हता. त्यातलं एक माकड अगदीच मलूल झालं, तेव्हा त्याला मारमाइट देऊन पाहिलं, असं सांगतात. मारमाइट म्हणजे यीस्टचा काळा, चिकट, खारट अर्क. बिअर बनवताना जे यीस्ट उरतं, त्यातून काढलेला. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. माकड बघता बघता सुधारलं.

मग तोच अर्क त्या गरोदर बायकांना दिला. त्यांचं रक्त भरायला लागलं, आणि तेही काही दिवसांत. १९३१ मध्ये विल्सबाईंनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या अर्कात नेमकं काय होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पुढं त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणायला लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. तेच फोलिक ॲसिड.

गंमत पुढं आहे. आईचं रक्त भरणारं हे द्रव्य बाळाची पाठही सांधतं, हे पक्कं व्हायला १९९१ साल उजाडलं. सात देशांतल्या ३३ केंद्रांवर, ज्यांना आधी ही नळी उघडी राहिलेलं बाळ झालं होतं अशा बायकांना गरोदर राहण्याआधीपासून फोलिक ॲसिड दिलं. पुन्हा तसं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला. प्रसूतिगृहांच्या भिंतींवर गुबगुबीत बाळांचे फोटो टांगतात, त्यांत एक फोटो विल्सबाईंचा हवा, असं माझं मत आहे.

गोष्टीत वेळ बराच गेला, म्हणून बाकीचं भराभर सांगते. मूल हवं असं ठरवलं, की त्या दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम. गरोदरपणाचे पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत. दिवस आधीच गेले असतील आणि गोळी सुरू नसेल, तर घाबरू नका, आज सुरू करा. आधीच्या बाळाच्या पाठीत दोष होता, किंवा तुम्हाला मधुमेह आहे, किंवा फिट्सची औषधं चालू आहेत, तर यापेक्षा बरीच मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तसंच फिट्सची किंवा थायरॉइडची गोळी दिवस गेले म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. हे मी दुसऱ्यांदा म्हणते: आपल्या मनानं बंद करू नका.

लोहाची गोळी वेगळी, ती नंतर सुरू होते. चहाबरोबर ती घेतली तर लोह अंगी लागत नाही. चहा तासाभरानं प्या.

आणि पुढच्या महिन्यांत डोकं सणसणून दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, चेहरा एकाएकी सुजला, अंगावरून रक्त गेलं, किंवा रोज उड्या मारणारं बाळ गप्प वाटलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. रात्रीच निघायचं. आम्हाला उठवल्याचा आम्हाला राग येत नाही. येत असला तरी तुम्ही निघा.

मूल हवं आहे असं ज्या महिन्यात ठरेल, त्याच महिन्यात दोघं मिळून एकदा डॉक्टरांकडे जा. घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं पाठ करत बसू नका. आणि नवरोबा, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसू नका. खुर्च्या आत दोन असतात.

नमस्कार.