गठ्ठ्याच्या तळाशी

नमस्कार श्रोतेहो.

परभणीतल्या एका रद्दीच्या दुकानात मी शिरलो की दुकानदार आता काही विचारत नाही. नुसता आतल्या कोपऱ्याकडे हात करतो. तिथं जुन्या गाइडांच्या थप्पीखाली त्यानं पोरांची, खेळाडूंच्या चित्रांची कार्डं माझ्यासाठी ठेवलेली असतात. क्रिकेटची, कुस्तीची, फुटबॉलची, सगळी एकाच सुतळीत बांधलेली. तागडीत टाकायची, किलोवर पैसे द्यायचे आणि घरी आणायची. बारा वर्षं झाली, माझे रविवार असे जातात.

लोक विचारतात, एवढ्या ढिगातून चांगलं कार्ड सापडतं तरी कसं? मला अशा वेळी आई आठवते. ओसरीवर सूप घेऊन ती तुरीची डाळ निवडायची. तिची नजर खड्यावर असायची, दाण्यावर नसायचीच, म्हणून हात भराभर चालायचा. कार्डांचंही तेच आहे. काय शोधायचं ते डोक्यात पक्कं नसेल, तर हजार कार्डं डोळ्यांखालून जातात आणि हाताला काहीच लागत नाही.

हे मला नीट कळलं ते एका खोक्यामुळं. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. दोन वर्षांमागं दिवाळीला आला, तेव्हा बॅगेतून एक लांबट खोकं काढलं. म्हणाला, "मामा, तिकडच्या जुन्या बाजारात वीस डॉलरला मिळालं. तुमच्याशिवाय हे कुणाला देऊ?" तीन हजारांवर बेसबॉलची कार्डं होती, वजन साडेपाच किलो. बेसबॉलमधलं मला ओ का ठो कळत नव्हतं. आधी दोन महिने नुसता अभ्यास केला, मग खोकं उघडलं.

ती कार्डं इतकी स्वस्त का, तर १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कंपन्यांनी बेसुमार छपाई केली. पुढं भाव येईल म्हणून लोकांनी खोकीच्या खोकी जपून ठेवली. सगळ्यांनीच जपली, त्यामुळं भाव काही आला नाही. तिकडं त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात. जंक म्हणजे भंगार आणि वॅक्स म्हणजे मेण, कारण पाकिटं मेणकागदाची असायची. पण एवढ्या छपाईत चुकाही झाल्या. टॉप्स कंपनीच्या १९९० च्या संचात फ्रँक थॉमसचं ४१४ नंबरचं कार्ड आहे. छापताना कागदाच्या एका भागावर काळी शाई उमटली नाही आणि काही कार्डांवर त्याचं नावच आलं नाही. नाव असलेलं कार्ड कुणी फुकटही घेत नाही, बिननावाच्या कार्डाला हजारो डॉलर पडतात. माझ्या खोक्यात थॉमसची चार कार्डं निघाली. चारही नावासकट!

तरीही खोकं वाया गेलं नाही. प्रत्येक कार्ड मी उलटं करून पाहत होतो. चेहरा सगळेच बघतात, विकणाऱ्यानंही तो बघितलेलाच असतो. पाठ कुणी वाचत नाही. पाठीवर साल असतं, संचातला नंबर असतो. अलीकडच्या टॉप्स कार्डांवर तर अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत एक क्रमांक असतो. एकाच खेळाडूच्या दिसायला जवळपास सारख्या दोन कार्डांमधलं कमी छापलेलं कोणतं, ते त्याच्या शेवटच्या आकड्यांवरून ओळखता येतं. तिसऱ्या रात्री, भिंगाखाली, एका कार्डाच्या पाठीवर चंदेरी ठसा चमकला: ३७/९९. म्हणजे असली नव्व्याण्णवच कार्डं छापली आणि त्यातलं हे सदतिसावं. खेळाडूचं नाव भाच्यालाही माहीत नव्हतं. पण पुऱ्या खोक्याचे पैसे त्या एका कार्डात वसूल झाले.

टॉप्सच्याच १९५२ च्या कार्डांची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. न खपलेली खोकी गोदामात पडून होती. ती १९६० मध्ये बोटीवर लादून समुद्रात बुडवल्याचं कंपनीतल्या साय बर्जर यांनीच सांगितलं होतं. त्या संचातलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. आपल्याकडचे सुमारे शंभर कोटी रुपये झाले.

आता आपल्या गठ्ठ्यांकडे येतो. इथं सापडतात ती बहुतेक ट्रम्प कार्डं, शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळलेली. त्यांच्या पाठी सगळ्या सारख्या, सालही बहुधा नसतं. मग पुढचे आकडेच वाचायचे. सचिनच्या नावापुढं एकदिवसीय शतकं ३४ लिहिली असतील, तर ते आकडे २००३ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबरमधले. चौतिसावं शतक त्यानं विश्वचषकात नामिबियाविरुद्ध केलं आणि पस्तिसावं ऑक्टोबरमध्ये ग्वाल्हेरला. एका कार्डावरून सबंध गठ्ठ्याचं वय कळतं.

सचिनची कार्डं धड मात्र सापडत नाहीत. पोरांनी ती खिशात, दप्तरात, उशाखाली ठेवलेली. कोपरे गेलेले, मधोमध घडी, मागं बॉलपेननं स्वतःचं नाव. ज्यांना कुणी विचारलं नाही ती कार्डं तळाशी पडून राहतात आणि म्हणूनच कोरी राहतात. असंच एकदा तळाशी, वहीच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं, संजय बांगर यांचं कार्ड मिळालं. बांगर आपल्या बीडचे. बाजारात त्या कार्डाला दहा रुपयेही कुणी देणार नाही. मी ते ओढून काढलं नाही. पुठ्ठाच भोवतीनं कापला आणि अख्खा तुकडा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला.

तुमच्या घरी माळ्यावर असा गठ्ठा असेल तर कृपा करून लॅमिनेशन करू नका, रबर लावू नका. रबर उन्हाळ्यात वितळतं आणि कार्डाच्या कडेला कायमचा चरा पाडतं. डिंकानं वहीत चिकटवूही नका. कार्ड कडेनं धरा आणि वाळवीपासून दूर, लोखंडी डब्यात ठेवा. मोबाइलवर कुणी लाख रुपये मागतोय म्हणून हुरळूनही जाऊ नका. मागितलेली किंमत वेगळी, विकली गेलेली वेगळी.

डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली. बांगर यांनी त्या सामन्यात पदार्पण केलं, आणि त्याच सामन्यात छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, इक्बाल सिद्दीकी यांनीही. मराठवाड्याचे दोघं एकाच दिवशी भारताकडून उतरले! जिंकायला पाचच धावा हव्या होत्या, तेव्हा सिद्दीकी सलामीला गेले आणि त्या पाचही धावा त्यांनीच काढल्या. ती त्यांची एकमेव कसोटी. त्यांचं कार्ड मला बारा वर्षांत एकाही गठ्ठ्यात मिळालेलं नाही. बांगर यांच्या कार्डाशेजारचं पाकीट मी रिकामं ठेवलंय.

परवा जिंतूरहून एक गठ्ठा आलाय, चार किलोचा. सुतळी अजून सोडलेली नाही. नमस्कार.