पिल्लू घेताय? ‘४८ तासांची गॅरंटी’ म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

नमस्कार मंडळी. आधी हे बघा.

(कार्ड कॅमेऱ्याजवळ धरून)

हे आमच्या बंड्याचं लसीचं कार्ड. लॅब्रेडॉर, वय ४५ दिवस. खाली निळ्या पेनानं लिहिलंय, ‘४८ तास गॅरंटी’. रविवारी त्याला कोल्हापुरात, राजारामपुरीत घरी आणलं. गुरुवारी सकाळी बघतो, तर तो पाण्याच्या भांड्याला चिकटून बसलेला. हनुवटी काठावर, नाक पाण्याला टेकलेलं, पण एक घोट घेत नव्हता. दुपारी उलट्या, रात्री रक्ताचे जुलाब. पार्वो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांचा विषाणूजन्य रोग. विकणाऱ्याला फोन लावला, तर म्हणाला, “दादा, ४८ तास कधीच झाले की.” शनिवारी बंड्या गेला.

आता दिवस मोजा. पार्वोचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधीकधी १४ सुद्धा. म्हणजे पिल्लू विकणाऱ्याकडूनच रोग घेऊन आलं असलं, तरी ४८ तास ते उड्या मारताना दिसू शकतं. रोग दिसायच्या आतच गॅरंटी संपलेली असते. त्यामुळे पार्वोसारख्या संसर्गजन्य रोगासाठी किमान १४ दिवसांची गॅरंटी मागा, तीही सहीनिशी, कागदावर. विकणाऱ्याच्या बाजूनं एक अट असणं रास्त आहे: तुम्ही ३ दिवसांच्या आत पिल्लू तुमच्या डॉक्टरांना दाखवायचं. हृदयाचा आवाज, बेंबीचा हर्निया, टाळू, सगळं तपासून घ्यायचं. दोष निघाला तर पैसे परत.

“गेलं तर दुसरं पिल्लू देतो,” असं कुणी म्हणालं तर ऐकायला मोठं मन वाटतं. मलाही वाटलं असतं. पण पार्वोचा विषाणू फरशीच्या फटीत, अंगणातल्या मातीत महिनोन् महिने टिकतो. नुसत्या फिनेलनं पुसून तो जात नाही, ब्लीच लागतं. लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्याच घरात आणलं, तर त्याचाही जीव धोक्यात. म्हणून कागदावर पैसे परत किंवा उपचाराचा खर्च असंच लिहून घ्या.

मोठ्या जातींचं दुखणं वेगळं. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष रक्तातून येतो. पिल्लू असताना कळत नाही, आणि खात्रीचा एक्स-रे बऱ्याचदा २ वर्षांच्या वयात होतो. तेव्हा अशा दोषाची गॅरंटी २ वर्षांची हवी, आणि आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागून बघायचे. इथं बरेच जण फसतात. “केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर आहेत,” म्हणतात. अहो, ते पेपर वंश सांगतात, तब्येत नाही.

लसीच्या कार्डावर नुसती टिकमार्क चालणार नाही. बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक बघा. आमच्या कार्डावर फक्त टिकमार्क होती.

आणि ते ४५ दिवस. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. वय माझ्या हातातल्या कार्डावरच लिहिलेलं होतं. नियम मला ठाऊक नव्हता. याचं मला अजून वाईट वाटतं.

कागल, गडहिंग्लज भागात कारवान जातीची कुत्री पाळणारे म्हणतात, “देशी जात आहे, त्याला काय होतंय?” पार्वो जात बघत नाही. लस त्यालाही तेवढीच लागते.

यंदा दुसऱ्या एका ब्रीडरकडे गेलो. चपला बाहेर काढायला लावल्या, हात धुवायला लावले, आणि पैशाचं बोलायच्या आधी विचारलं, “घरात पार्वो होऊन गेलाय का?” खरं सांगितलं. ते म्हणाले, “मग लसीचा १६ आठवड्यांच्या वयाचा डोस होईपर्यंत पिल्लू माझ्याकडंच राहू दे. पुढं कधी सांभाळणं जमलं नाही, तर रस्त्यावर सोडू नका, मला परत आणून द्या.” हेही त्यांच्या कागदावर छापलेलं आहे. दर रविवारी आम्ही तिला भेटायला जातो. एक डोस राहिलाय.