देऊळ की पालखी? महिला गोल्फच्या मेजर स्पर्धांचे भवितव्य

अध्यक्ष आणि फोंडेकर मंडळी,

पत्रिकेवर विषय छापला आहे ‘महिला गोल्फमधील मेजर स्पर्धांचे भवितव्य’. गोव्यात गोल्फ म्हटले की खेळाआधी जमीन आठवते. तेरेखोलच्या गोल्फ मैदानाचा वाद इथे कुणाला नव्याने सांगायला नको. म्हणून आधीच सांगून टाकतो, आजच्या व्याख्यानात कुणाची जमीन जाणार नाही. (हशा)

पाच मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा, तुम्हाला पाठ आहेत, तरी उजळणी करू. एप्रिलमध्ये शेव्हरॉन. मग यूएस विमेन्स ओपन, त्यामागोमाग विमेन्स पीजीए. जुलैत फ्रान्समधली एव्हियाँ, आणि शेवटी ब्रिटिश ओपन, जिला हल्ली विमा कंपनीच्या नावाने एआयजी विमेन्स ओपन म्हणतात. यांचे पुढे काय होणार हे सांगायला मी उभा आहे. पण वाट मंगेशीवरून जाते.

सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. अंत्रुज महाल, म्हणजे आपला फोंडा, देवांनी भरला तो असा. मूळ देऊळ मागे राहिले, पण देवाबरोबर म्हाजन आले, सेवेकरी आले, उत्सव आले. म्हणून आज सोमवारी मंगेशीची पालखी निघते तेव्हा ‘हे मूळचे ठिकाण नव्हे’ म्हणून कुणी घरी बसत नाही. स्थलांतराने देवस्थान बुडत नाही. बरोबर काय आले आणि मागे काय राहिले, तेवढेच बघायचे.

आता कॅलिफोर्नियात चला. पाम स्प्रिंग्जजवळ रँचो मिराज गावात मिशन हिल्स नावाचा क्लब आहे. गायिका आणि टीव्हीवरची लाडकी यजमान डायना शोर हिच्या नावाने 1972 मध्ये तिथे स्पर्धा सुरू झाली. पैसा कोलगेटचा. 1983 मध्ये तिला मेजरचा दर्जा मिळाला. पुढे कोलगेट गेले, नॅबिस्को आले. 2000 मध्ये नावातून डायनाही गेली. मग क्राफ्ट नॅबिस्को, 2015 पासून एएनए ही जपानी विमान कंपनी, 2022 पासून शेव्हरॉन. टूथपेस्ट, बिस्किटे, चीज, विमान, पेट्रोल. प्रायोजकांची यादी वाचतोय की किराणा दुकानाची, असे वाटावे. (हशा) पण नावे बदलली तरी मैदान 50 वर्षे तेच राहिले. त्या मैदानाचा अठरावा, शेवटचा होल म्हणजे पार 5, पाच फटक्यांत संपवायचा. ग्रीनभोवती, म्हणजे होलभोवतीच्या तासलेल्या हिरवळीभोवती पाणी, आत जायला पूल.

1988 मध्ये एमी अल्कॉट जिंकली आणि आनंदाच्या भरात कॅडीसह, म्हणजे तिची बॅग वाहणाऱ्यासह, त्या पाण्यात उडी मारून मोकळी झाली. 1991 मध्ये ती पुन्हा जिंकली, तेव्हा खुद्द डायना शोर तिच्याबरोबर पाण्यात उतरली. 1994 च्या फेब्रुवारीत डायना गेली. त्या वर्षीची विजेती डॉना अँड्र्यूज हिने तिच्या आठवणीखातर उडी घेतली आणि तिथून प्रथा पडली. तळ्याला ‘पॉपीज पाँड’ हे नाव 2006 मध्ये मिळाले. स्पर्धेचे संचालक टेरी विल्कॉक्स यांना त्यांची नातवंडे पॉपी म्हणायची, त्यावरून. बघा, प्रथा कुठल्याही समितीने ठराव करून पाडली नव्हती.

इथेच 2020 चा किस्सा सांगायला हवा. करोनामुळे स्पर्धा एप्रिलऐवजी सप्टेंबरमध्ये झाली, प्रेक्षकांशिवाय. तरी आयोजकांनी अठराव्या ग्रीनच्या मागे एक लांबलचक निळी भिंत उभी केली. नेमके काय बिघडले ते सांगतो. पार 5 वर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचे तर चेंडू मागे पाण्यात जायची भीती असते. त्या भीतीपायीच खेळाडू थांबते, विचार करते. भिंत आली आणि भीती गेली. जोरात मारा, चेंडू भिंतीला आपटून थांबेल. शिवाय भिंत हा तात्पुरता अडथळा, म्हणून नियमानुसार दंड न लागता चेंडू बाजूला टाकायची मुभा. कोरियाच्या मिरिम ली हिने तेच केले. चेंडू भिंतीपाशी गेला, तिने मोफत ड्रॉप घेतला आणि तिथून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, थेट होलमध्ये. ईगल, पारपेक्षा दोन फटके कमी. त्या दिवशीची ही तिची तिसरी चिप-इन. मग नेली कोर्डा आणि ब्रूक हेंडरसन यांच्याशी बरोबरी म्हणून प्ले-ऑफ, आणि बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, करून विजेतेपद. तिचा काही दोष नव्हता, नियमात होते ते तिने केले. दोष भिंत बांधणाऱ्यांचा. वाद इतका झाला की त्या भिंतीचे नावच पडले, ‘द ग्रेट वॉल ऑफ डायना’. एका होलवर लोक इतके भांडतात, म्हणजे तो होल त्यांच्या मनात घर करून आहे. भांडायला जागा लागते, मंडळी, आणि ही गोष्ट गोवेकरांना मी काय सांगणार! (हशा)

मग हे मैदान सोडून स्पर्धा का गेली? कारणे दोन. पुरुषांची मास्टर्स भरवणाऱ्या ऑगस्टा नॅशनल क्लबने 2019 मध्ये हौशी महिलांची स्पर्धा सुरू केली आणि तिचा शेवटचा दिवस ठेवला याच आठवड्यातला शनिवार. बातम्या ऑगस्टाला गेल्या, चांगल्या हौशी मुलीही तिकडेच. दुसरे कारण शेव्हरॉन कंपनी. तिचा मोठा कारभार ह्यूस्टनला, तेव्हा स्पर्धाही तिथे, तारीख एप्रिलच्या उत्तरार्धात. आणि योगायोग पाहा. ऑगस्टाची पहिली हौशी विजेती जेनिफर कपचो, आणि 2022 मध्ये मिशन हिल्सवरची शेवटची मेजर विजेतीही जेनिफर कपचो.

2023 पासून स्पर्धा कार्लटन वूड्सला, फाटकाआड वसलेल्या श्रीमंत वसाहतीतल्या क्लबवर. लिलिया वू हिने पहिल्याच वर्षी तिथल्या तळ्यात उडी मारली. म्हणजे तळ्याची प्रथा आली, पण लोक आले नाहीत. फाटकाआड जत्रा भरते का? तीनच वर्षांत पुन्हा मुक्काम हलवायचे ठरले, 2026 पासून मेमोरियल पार्क, ह्यूस्टन शहराच्या मालकीचे सार्वजनिक मैदान. हा निर्णय मला पटतो. आणि इकडे मिशन हिल्सला काय झाले? काही वर्षे तिथे पन्नाशीपुढच्या पुरुषांची स्पर्धा झाली. (हशा)

अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. मूळ विषय आता झपाट्याने उरकावा लागणार.

मुद्दा असा. पुरुषांच्या चार मेजरपैकी मास्टर्स हे देऊळ आहे, एकाच जागी. बाकी तीन पालख्या, दरवर्षी वेगळ्या मैदानावर. महिलांमध्ये यूएस ओपन, पीजीए आणि ब्रिटिश ओपन या पालख्या. देवळे दोनच, शेव्हरॉन आणि एव्हियाँ, आणि त्यातले जुने आपण घालवून बसलो. पालखीची वाट मात्र सुधारली आहे, ती नामांकित मैदानांवरून जाते. यूएस विमेन्स ओपन 2026 ला रिव्हिएरा, 2027 ला इन्व्हर्नेस, 2028 ला ओकमाँट, 2029 ला पाइनहर्स्ट नंबर 2. ब्रिटिश ओपन सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर 2007 मध्ये प्रथम गेली, लोरेना ओचोआ जिंकली. स्कॉटलंडमधल्या मुइरफील्ड क्लबने महिलांना सभासदत्व द्यायचे 2017 मध्ये मान्य केले आणि 2022 मध्ये महिलांची मेजर तिथे झाली.

अशा मैदानांवर अंतर नुसते कमी करून भागत नाही. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे त्या नंबरच्या काठीने, महिलांचा चेंडू साधारण 140 यार्ड जातो, पुरुषांचा 170 च्या वर. त्या हिशेबाने पुरुषांचे साडेसात हजार यार्डांचे मैदान महिलांना सहा हजार आणि थोडे वर असायला हवे. पाइनहर्स्टला 2014 मध्ये लागोपाठ दोन आठवडे दोन्ही ओपन झाल्या तेव्हा महिलांना 6,600 यार्डांच्या वर होते. शिवाय त्यांचा चेंडू खालून येतो आणि फिरकी कमी, म्हणून ग्रीन थोडे मऊ लागतात. कडक ठेवले तर चांगला फटकाही पलीकडे घरंगळतो आणि पाहणारा म्हणतो, यांना जमत नाही.

पैसा. यूएस विमेन्स ओपनची बक्षिसांची रक्कम 2021 मध्ये 55 लाख डॉलर होती, 2024 मध्ये 1 कोटी 20 लाख. पुरुषांची त्याच वर्षी 2 कोटी 15 लाख. फरक राहणार. मला काळजी वेगळीच आहे. कॅनडाची डु मॉरिएर 1979 ते 2000 मेजर होती. पैसा सिगारेटचा. तंबाखूच्या प्रायोजकत्वावर कायद्याने गदा आली आणि मेजरपद गेले. स्पर्धा आजही खेळली जाते, पण मेजर म्हणून नाही. प्रायोजक बदलला तर मैदान दहा वर्षे हलणार नाही, एवढे एक कलम करारात घाला.

संथ खेळ. 2025 च्या विमेन्स पीजीएमध्ये फेरी सहा तासांच्या घरात गेली. त्याच वर्षी एलपीजीएने, म्हणजे महिला व्यावसायिक गोल्फच्या संस्थेने, नियम कडक केले. ठरल्या वेळेपेक्षा 5 सेकंदांपर्यंत उशीर झाला तर पैशांचा दंड, 6 ते 15 सेकंद झाला तर एक फटका, त्यापुढे दोन. मेजरमध्येही ते न कचरता लावा.

एव्हियाँला 2013 मध्ये मेजर केले तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. सप्टेंबरमध्ये खेळवली आणि 2013 व 2017 दोन्ही वेळा हवामानामुळे 72 ऐवजी 54 होलवर आटोपली. 2019 मध्ये जुलैत नेली, हे बरे केले. ती काढून टाका म्हणणाऱ्यांना मी सांगेन, आता हेच एक देऊळ उरले आहे, हात लावू नका. आणि आपल्याला सोयीचेही तेच. अमेरिकेतल्या मेजरचा शेवट इथे पहाटे येतो, एव्हियाँचा रात्रीच्या जेवणाच्या सुमारास. जुलैचा पाऊस असेल. वीज राहिली तर बघा.