छंद आपला, साचा परका

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी, आणि सोयाबीनची सोंगणी आटोपून किंवा तशीच टाकून इथं आलेले सगळेजण, नमस्कार. पत्रिकेत माझा विषय फार भारदस्त छापला आहे: ‘छंदाच्या वस्तूंचं परदेशी उत्पादन आणि त्याची आर्थिक व पर्यावरणीय किंमत’. हे नाव माझं नाही, सचिवांचं. मी फोनवर म्हणालो होतो, ‘खेळण्यातल्या रेल्वेबद्दल बोलतो.’ ते म्हणाले, ‘सर, तसं छापलं तं निरे पोट्टेच येतीन.’ आता समोर पाहतो तर पोट्टे एकही नाहीत. म्हणजे सचिवांचं बरोबर होतं.

तर रेल्वे. ज्यांचे केस पिकलेत त्यांना शकुंतला सांगायला नको. मूर्तिजापूर ते यवतमाळ, कारंजा, दारव्हा करत ११३ किलोमीटर, अडीच फुटांच्या रुळावरून. आपला कापूस मुंबईच्या बंदराकडं न्यायला इंग्रज कंपनीनं टाकलेली लाइन. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं. कापूस तिकडं गेला, इंजिन इकडं आलं, असा तो व्यवहार. पण ते इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. बांधणाऱ्या कारखान्यानं इंजिनं बनवणं कधीच सोडून दिलं होतं, तरी हे चालत होतं, कारण मोडलेला भाग इथल्या इथं घडवणारे हात रेल्वेकडे होते. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढं कामाला येईल. वेळ उरला तर.

निवृत्त झाल्यावर मी त्या इंजिनाचं मॉडेल करायला घेतलं. प्रमाण एकास सत्याऐंशी. शकुंतलेच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ येतात, आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ मिळतो. इतका सरळ जुळणारा भागाकार मी आयुष्यभर गणित शिकवूनही कधी फळ्यावर दिला नसेल. वरची बॉडी घरीच केली, लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याची. मे महिन्यात आपल्याकडं या कच्च्या मालाची टंचाई नसते. बॉयलरवर एका ठिकाणी नीट पाहिलं तर अजून ‘चि. सौ. कां.’ दिसतं. (हशा)

पण खालचा सांगाडा, म्हणजे मोटार, चाकं, गिअर, हे पुठ्ठ्याचं होत नाही. तो विकत घ्यावा लागतो, आणि तो बनवणारा आपल्या देशात मला कोणी सापडला नाही. भाच्यानं परदेशातून येताना आणला. कंपनी नामांकित, नाव घेत नाही. डब्यावर युरोपातलं गाव, आणि डब्याच्या बुडाला बारीक अक्षरात ‘मेड इन चायना’. गाडी झकास पळाली. मग टक्-टक् वाजू लागली आणि एका संध्याकाळी थांबली ती थांबलीच. उघडून पाहतो तर धुरीवर, म्हणजे चाकांच्या आसावर, दाबून बसवलेला प्लास्टिकचा सहा-सात मिलिमीटरचा गिअर मधोमध चिरलेला. हा आजार जगभरच्या मॉडेलवाल्यांना ठाऊक आहे. कारखान्यातच धुरीवर घट्ट दाबलेला गिअर काही वर्षांनी आपणहून तडकतो, गाडी चालवा की कपाटात ठेवा.

कंपनीला ईमेल केला. उत्तर अतिशय नम्र होतं. त्या मॉडेलचा एकच लॉट निघाला होता, सुटे भाग शिल्लक नाहीत, नवीन मॉडेल घेत असाल तर सवलत देऊ. म्हणजे दातेरी चाक नाही म्हणून अख्खी गाडी फेकायची! पितळी गिअर करून विकणारा एक छांदिष्ट इंग्लंडात सापडला. त्याच्याकडं मागवला. पाकीट भारतात पोचलं आणि अडकलं. पत्र आलं: ही वस्तू खेळणं आहे काय? असल्यास मानकाचं प्रमाणपत्र जोडा. आता कायदा मला माहीत आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि ते चांगलंच आहे. शिसं असलेला रंग लेकरांच्या तोंडात जाऊ नये. मी उत्तर लिहिलं, की सदर वस्तू एका मुलासाठी आहे, मुलगा सेवानिवृत्त असून त्याला मधुमेह आहे, तो गिअर तोंडात घालणार नाही. या उत्तराचा उपयोग झाला नाही. पाकीट आलं तसं इंग्लंडला परत गेलं. तो एवढासा गिअर विमानानं दोनदा अरबी समुद्र ओलांडून गेला आणि माझ्या गाडीला काही लागला नाही.

शेवटी आमच्या लेथवाल्याकडं गेलो. जिनिंगच्या यंत्रांची कामं करणारा माणूस, त्याच्याकडं मनगटाएवढ्या शाफ्टखाली काही येतच नाही. त्यानं तो गिअर तळहातावर घेतला आणि म्हणाला, ‘सर, हे तं चिमट्यातबी येऊन नाही राहिलं. याचे दात मोजाले भिंग लागन.’ भिंग मी नेलंच होतं. दात मोजले, व्यास घेतला. मग तो आत गेला आणि भंगारातला एक मेलेला सीडी प्लेअर घेऊन आला. त्याच्या ट्रेमधला गिअर निघाला, दात जुळले, भोक थोडं मोठं करावं लागलं. पैसे विचारले तर म्हणे, ‘चालली तं चहा पाजा.’ चालली. आवाज कडबाकुट्टीसारखा येतो, पण घरच्या म्हणतात, शकुंतला अशीच वाजायची.

आता तुम्ही म्हणाल, सर, सीडी प्लेअरही चायनाचाच. होता. मी चीनच्या नावानं बोटं मोडायला आलेलो नाही. गाडी कुठं बनली याबद्दल माझी तक्रारच नाही. ती बनवायचा साचा कुठं आहे आणि मोडली तर कोण हात लावू शकतो, एवढंच मला विचारायचं आहे.

आपल्या तान्ह्या पोळ्याचं बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी ओढतात. आमच्या घरचा नंदी आजोबांच्या वेळचा. त्याची चाकं बदलली, शिंगं बदलली, एकदा तर मानही बदलली. सुताराला त्याच्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. अलीकडं बाजारात फायबरचे नंदी आलेत, हलके, चकचकीत. पाय मोडला की संपला, सुतार हात लावत नाही. हे नंदी कुठं बनतात? इथंच. म्हणून म्हणतो, देशी-परदेशी हा भेद मला पुरत नाही.

हा उद्योग बाहेर का गेला, तेही सांगायला हवं. इंग्लंडची हॉर्नबी कंपनी मार्गेट गावात मॉडेल रेल्वेगाड्या बनवायची. १९९० च्या दशकात तिनं उत्पादन चीनच्या ग्वांगदाँग प्रांतात नेलं. तिथं मजुरी स्वस्त म्हणून हाती रंगवलेली बारीक कलाकुसर परवडू लागली. मॉडेलं खरोखर सुंदर झाली, हे नाकारता येत नाही. अमेरिकेची लायोनेल त्याआधीच १९८० च्या दशकात मेक्सिकोत तिहुआनाला गेली होती. माल खराब, वेळ चुकलेली, गिऱ्हाईक वैतागलेलं. दोन-तीन वर्षांत ती मिशिगनला परतली. पण २००१ पर्यंत तीही आशियात गेलीच. जर्मनीच्या मेर्कलिननं मात्र चीनमधलं बरंच काम काढून हंगेरीतल्या आपल्याच कारखान्यात आणलं. आणि ही कंपनी २००९ मध्ये, स्थापनेला १५० वर्षं होत असतानाच, दिवाळखोरीत गेली. म्हणजे घरी आणलं की सगळं...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं? घड्याळ पुढं आहे तुमचं. बरं, हरकत नाही. मग मूळ मुद्दे आता उरकतो, लिहून घेणाऱ्यांनी हात चालवावा.

पैशाचं आधी. १९९६ मध्ये एका अमेरिकी वर्तमानपत्रानं दहा डॉलरला विकल्या जाणाऱ्या बार्बी बाहुलीचा हिशेब मांडला. त्यात चिनी मजुरीचे ३५ सेंट. उरलेलं कच्चा माल, वाहतूक, दलाली, जाहिरात, दुकान. हा हिशेब कापूस पिकवणाऱ्याला समजावायची गरज नाही. म्हणजे मजुरी स्वस्त म्हणून कारखाना हलतो, पण मजुरी हा किमतीचा लहानसाच तुकडा. बदल्यात जातं काय? साचा. पोलादी साच्याला लाखो रुपये लागतात, आणि तो कारखान्यातच राहतो. सांदा कान नावाची एकच फॅक्टरी हॉर्नबीसकट कितीतरी कंपन्यांच्या गाड्या बनवत होती. २००८ मध्ये ती हाँगकाँगच्या केडर समूहानं घेतली. केडरकडं मॉडेल रेल्वेचा स्वतःचा बाखमन हा ब्रँड होताच. म्हणजे तुमचा पुरवठादार एका दिवसात तुमच्या स्पर्धकाचा झाला.

माणसांचं. १० मे १९९३, थायलंड, नाखोन पाथोम. केडरचाच वाटा असलेल्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडायचे काही दरवाजे बंद होते. १८८ जण गेले, बहुतेक तरुण मुली. ही किंमत कुठल्याच डब्यावर छापलेली नसते.

पर्यावरणाचं. इथं लोक जहाजावर घसरतात. जगाच्या हरितगृह वायूंत जहाजांचा वाटा साधारण ३ टक्के, आणि टनामागं पाहिलं तर समुद्रमार्ग ट्रकपेक्षा पुष्कळ बरा. अशी गाडी चीनमधल्या शेन्झेनहून जहाजानं न्हावाशेव्याला आली तर तो प्रवास फार मोठा गुन्हा नाही. खरा धूर कारखान्याच्या विजेचा, तिकडंही कोळसाच जळतो. ‘मग इथंच बनवा’ म्हणणाऱ्यांनी चंद्रपूरला जाऊन यावं. तिथलं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे आणि तिथल्या माणसांना धूर कोणाच्या नावावर हे विचारायला फुरसत नाही. पण कुठंही बनली तरी वस्तू तीस वर्षं टिकली तर तो धूर तीस वर्षांत वाटला जातो. पाच वर्षांत फेकली तर दुसऱ्यांदा निघतो. आणि फेकायची कुठं? भंगारवाला पितळ घेतो, लोखंड घेतो. प्लास्टिक, जस्ताचा मिश्रधातू, सर्किट असं एकत्र चिकटलेलं तो हातात धरत नाही. तो जस्ताचा धातूही, त्यात शिसं मिसळलं गेलं तर, आतून फुगून भुगा होतो. संग्राहकांची महागडी इंजिनं कपाटातल्या कपाटात गेली आहेत.

सरकारनं काय केलं? खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, २०२३ मध्ये ७०. छोटी मॉडेलंही सीमाशुल्काच्या पुस्तकात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. आयात घटली, देशी कारखाने वाढले, चांगलं झालं. पण शुल्कानं दुरुस्ती येत नाही. इथं बनलेली गाडीही चिकटवून बंद केलेली असेल तर माझ्या लेखी ती शेन्झेनचीच.

अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे शेवटचं. माझी मागणी एकच आहे आणि ती देशी-परदेशी दोघांनाही लागू आहे. गाडी विकणाऱ्यानं डब्यावर गिअरच्या दातांची संख्या, मॉड्यूल (म्हणजे दातांचं माप) आणि भोकाचा व्यास छापावा. ह्या तीन आकड्यांवर आमचा लेथवाला पुढचं पाहून घेतो. वेळेअभावी राहून गेलेल्या मूर्तिजापूरच्या शेडबद्दल, मांज्याबद्दल आणि माझ्या मधुमेहाबद्दल ज्यांना विचारायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी विचारा. अध्यक्षांना साडेआठची यष्टी गाठायची आहे.